सर, हात राहिले

सोलापुरात ‘पाणी आलं’ ही बातमी असते. चार-पाच दिवसांआड नळ येणार, तोही पहाटे येईल की मध्यरात्री याचा नेम नाही. एका घरातली मोटर सुरू झाली की गल्ली जागी होते. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात. पावसाळ्यात ते भरलं की सगळे एकमेकांना फोटो पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिंपं, टाक्या, टँकर. अशा गावात वाढलेल्या माणसाला वाहत्या नळाखाली मिनिटभर हात चोळत उभं राहायला सांगायचं म्हणजे त्याच्या हाडीमाशी खिळलेल्या सवयीविरुद्ध बोलायचं. माझी नोकरी नेमकी ती आहे.

मी एका खासगी रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. माझ्या पाठीमागे मला ‘हात-सिस्टर’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. सकाळी वॉर्डातून फिरायचं, पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर कोण काय करतं ते बघायचं, वहीत खुणा करायच्या, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग तपासायचे. कुणाच्या टाक्यात पू झाला, कुणाची सलाइनची जागा सुजली, कुणाला लघवीची नळी घातल्यावर ताप आला, याची नोंद ठेवायची. महिनाअखेरीस त्याचा तक्ता होतो. पेशंट बरा व्हायला येतो आणि जाताना आमच्याकडूनच काहीतरी घेऊन जातो. ते ‘काहीतरी’ मोजणं हे माझं काम. मोजलेलं कुणालाच आवडत नाही.

बेसिनवरच्या चित्रात साबण-पाण्याने हात धुवायला 40 ते 60 सेकंद सांगितलेत. उन्हाळ्यात टाकी तळाला गेली की नळाची धार करंगळीएवढी होते आणि तेवढ्या धारेखाली साबण सुटता सुटत नाही. म्हणून प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हँड रबची बाटली अडकवली गेली तेव्हा मी मनातल्या मनात नारळ फोडला. पाणी नको, टॉवेल नको, 20 ते 30 सेकंदांत काम. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची कृतीच जाहीर केलेली आहे: 80 टक्के इथेनॉल किंवा 75 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कातडी फुटू नये म्हणून ग्लिसरीन. आमच्या औषध दुकानातले मामा मला दर वेळी म्हणायचे, “सिस्टर, त्यात पाणी कशाला घालतेत? नुसतं स्पिरिट द्या की, जोर लागंल.” खरं तर उलट आहे. जंतूंची प्रथिनं मोडायला अल्कोहोलला पाणी सोबत लागतं. निर्भेळ स्पिरिट तेवढा वेळ टिकतच नाही, भुर्रकन उडतं. हाताला रक्त, शी असं दिसण्यासारखं काही लागलं असेल तर मात्र नळच गाठायचा. जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणूही अल्कोहोलला भीक घालत नाहीत.

तर बाटल्या लागल्या. वहीतल्या खुणा वाढल्या, पण सगळ्यांच्या सारख्या वाढल्या नाहीत.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात हेच फार आधी करून झालंय. खाटेजवळ बाटल्या, भिंतींवर चित्रं, मोजणी, आणि मोजलेलं परत वॉर्डाला सांगणं. 1994 मध्ये हात स्वच्छ करण्याचं प्रमाण 48 टक्के होतं, ते 1997 मध्ये 66 टक्क्यांवर गेलं. त्याच काळात रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण जवळपास 17 टक्क्यांवरून 10 टक्क्यांच्या आत आलं. हा अभ्यास 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आकडे मी ट्रेनिंगला फळ्यावर लिहिते. त्यातलंच एक निरीक्षण लिहायचं की नाही हे समोर कोण बसलंय ते बघून ठरवते. सुधारणा झाली ती परिचारिकांत आणि त्यांच्या मदतनिसांत. डॉक्टर मंडळी होती तिथेच राहिली.

हा विषय सुरू झाला तोच मुळी डॉक्टरांच्या हातांपासून. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली पहिल्या वॉर्डात शंभरातल्या 11 बायका बाळंतज्वराने गेल्या, दुसऱ्यात तिनाहून कमी. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर याने हैराण झाला होता. 1847 च्या मार्चमध्ये त्याचे सहकारी कोलेत्श्का शवविच्छेदन करत असताना एका विद्यार्थ्याच्या हातातला चाकू त्यांच्या बोटाला लागला आणि त्या जखमेने ते गेले. त्यांच्या शरीरात जे दिसलं ते बाळंतिणींच्या शरीरात दिसायचं त्यासारखंच होतं. सेमेलवाइसला धागा सापडला: पहिल्या वॉर्डातली मंडळी सकाळी प्रेतांची चिरफाड करून थेट बाळंतिणी तपासायला येत होती. त्याने मे महिन्यात दाराशी क्लोरीनच्या चुन्याचं पाणी ठेवलं आणि हात धुतल्याशिवाय आत सोडेना. 1848 मध्ये दोन्ही वॉर्डांतलं मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत आलं. वरिष्ठांना हे मानवलं नाही. मानायचं तर आजवर आपल्याच हातांनी काय झालं तेही मानावं लागलं असतं. सेमेलवाइस 1865 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला.

ही गोष्ट सगळे त्याच्या बाजूने सांगतात. मला त्यातल्या गरोदर बायका जास्त आठवतात. पहिल्या वॉर्डात टाकू नका म्हणून त्या हातापाया पडत. काही जणी तर तिथे जाण्यापेक्षा रस्त्यातच बाळंत होत. म्हणजे गावाला कळलेलं होतं. वरच्यांनी खालच्यांना विचारलं नाही, इतकंच.

आमच्याकडे साफसफाईला एक अक्का होत्या, ठेकेदाराच्या माणसांतल्या. घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. आईने जन्मभर विड्या वळल्या, नवरा टॉवेलच्या कारखान्यात. ट्रेनिंगला मी एक चमकणारं लोशन नेते. ते हाताला चोळायचं, मग रोजच्यासारखे हात धुवायचे आणि जांभळ्या दिव्याच्या खोक्यात धरायचे. जिथे राहिलं तिथे चकाकतं. बहुतेकांचा अंगठा राहतो, बोटांची टोकं राहतात, बेचक्या राहतात. उजव्या हाताने सगळं करणाऱ्यांचा उजवा हातच जास्त राहिलेला मी बघते. तो डाव्याला नीट धुतो, त्याला धुणारा डावा तेवढा तरबेज नसतो. अक्कांनी हात आत धरले तेव्हा नखांच्या कडांना बारीक निळसर रेघ उठली आणि अंगठीच्या खाली एक वळं. त्या काही बोलल्या नाहीत. अंगठी काढून कमरेच्या पिशवीत टाकली, परत बेसिनपाशी गेल्या. आल्या, धरले, परत गेल्या. हात त्या दिव्यात पार काळे दिसेपर्यंत हे चाललं होतं आणि मागच्या रांगेतले रेसिडेंट डॉक्टर मोबाइल बघत होते.

शेवटी मी नेहमीचं सांगितलं, की कुणाचे हात राहिलेले दिसले तर कुणीही कुणालाही सांगायचं. हा आमचा लेखी नियम आहे. तोवर त्याला कुणी फार मनावर घेतलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सर्जिकल वॉर्डात मोठ्या सरांचा राउंड होता. शुगरवाल्या पेशंटच्या पायाची पट्टी सोडून त्यांनी जखम दाबून पाहिली, आपले हातमोजे काढून लाल पिशवीत टाकले आणि पुढच्या खाटेवरच्या हर्नियाच्या पेशंटचा सदरा वर केला. अक्का लॉकर पुसत होत्या.

“सर, हात राहिले.”

मी पलीकडच्या खाटांपाशी होते. वॉर्ड एकदम गप्प झाला म्हणून माझं लक्ष गेलं. सरांच्या मागे दोन सिस्टर, दोन रेसिडेंट आणि एक फिजिओथेरपीवाली, सगळे फाइलमध्ये बघायला लागलेले. सरांनी अक्कांकडे पाहिलं, बाटली दाबली, हात चोळले आणि पेशंटचं पोट तपासायला घेतलं. एवढंच झालं. कँटीनमध्ये मात्र दुपारपर्यंत त्याचं महाभारत झालं होतं. संध्याकाळी मजल्याच्या इनचार्जबाईंनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं, “तुम्ही लादीचं बघा. सरांना सांगायला आम्ही आहोत.”

आहोत, हे खरंच. सांगितलं मात्र अक्कांनी.

मी लेखी नियमाचा कागद घेऊन वर गेले. थोडी शाब्दिक चकमक झाली आणि इनचार्जबाईंना आपले शब्द मागे घ्यावे लागले. सर स्वतः दुसऱ्या दिवशी अक्कांपुढे दोन्ही हात धरून म्हणाले, “बघा अक्का, झाले.” वॉर्ड हसला. सर भले आहेत, यात शंका नाही. पण नियम पाळला जायला सर भले असावे लागतात, हे मला पुरत नाही. ते चिडणारे असते तर अक्कांची नोकरी त्याच दिवशी गेली असती आणि नियमाचा कागद फाइलमध्ये तसाच राहिला असता.

मोजे घालूनच तर हात लावला होता, असं नंतर कुणीतरी सरांच्या वतीने म्हणालं. मोज्यांचा हा गैरसमज फार जुना आहे. गंमत म्हणजे शस्त्रक्रियेला रबरी मोजे आले तेच मुळी पेशंटसाठी नाही. 1889-90 च्या सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉलस्टेड नावाच्या सर्जनच्या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलून निघत होते, म्हणून त्याने गुडइयर कंपनीकडून पातळ मोजे करून घेतले. पुढे त्याने तिच्याशी लग्नही केलं. पेशंटचं भलं होतं हे मागाहून लक्षात आलं. पण मोज्याला न दिसणारी छिद्रं असतात, काढताना बाहेरची बाजू हाताला लागते, म्हणून काढल्यावर हात स्वच्छ करायचेच असतात. त्याहून वाईट म्हणजे तेच मोजे घालून खाट, फाइल, दाराची कडी, खिशातला मोबाइल असा सगळा संसार हिंडून येणारी मंडळी. आपले हात सुरक्षित आहेत एवढं त्यांना कळतं. दाराची कडी पुढे कोण धरणार याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

नातेवाइकांचं एक वेगळंच. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून जीप भरून माणसं ‘बघायला’ येतात. न येणाऱ्याचं नाव वर्षभर निघतं, त्यामुळे मी त्यांच्यावर फार रागावू शकत नाही. खाटेवर बसतात, कडेवरचं पोर पेशंटच्या छातीवर ठेवतात, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथेच सोडतात. आणि पेशंटला थंडी वाजते म्हणून घरची चादर आणतात. सोलापुरात चादर आणू नका म्हणायची कुणाची छाती आहे? मी एवढंच सांगते की झटकू नका. आमच्या गावाला चादर दिसली की झटकायची सवय आहे. जाड सुती कापडात अडकलेलं सगळं त्या एका झटक्यात शेजारच्या तीन खाटांवर जातं. रुग्णालयाचं कापड गरम पाण्यात, 71 अंशांवर निदान 25 मिनिटं धुतात. घरची चादर कुठे नि कशी धुतली जाते, देव जाणे.

ऊन हाही आमचा एक शत्रूच. लादी पुसायला हायपो वापरतो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते ऊन आणि उजेड लागला की झाकण उघडं ठेवलेल्या सोड्यासारखं बेचव होतं. वास येतो, जोर गेलेला असतो. मे महिन्यात सकाळी कालवलेली बादली दुपारच्या पाळीला चालवायची नाही, यावरून माझी स्टोअरवाल्यांशी कायम भांडणं. 2020 च्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना पीपीई किटमध्ये माणसं भिजून निघायची. कधी एकदा ते अंगावरून ओरबाडून काढतो असं व्हायचं, आणि धोका नेमका काढण्यातच असतो, कारण किटची बाहेरची बाजू तेव्हाच कातडीला लागते. मग गारव्यासाठी सगळीकडे एसी आले. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत देतो, बाहेरची आणत नाही; खोकणारा क्षयाचा पेशंट तशा बंद खोलीत अर्धा तास बसला की सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं येतं. उंच छताच्या, समोरासमोर खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांना लोक नावं ठेवतात. मला एसीवाल्या ओपीडीपेक्षा त्यांचा भरवसा जास्त वाटतो. खोकणाऱ्याला मी व्हरांड्यात बसवते. त्याला साधा मास्क, मला एन-95. उलटं करून उपयोग नाही. त्याच्या मास्कने उडणारे थेंब अडवायचे असतात, माझ्याने हवेतले बारीक कण.

पण मला सगळ्यात जास्त धास्ती सुईची. ज्याला सुई टोचते तो आणि ती वापरणारा दर वेळी एकच नसतो. वापरणारा ट्रेमध्ये तशीच ठेवून जातो, किंवा सवयीने टोपण परत बसवायला जातो. उरलेली कापसाखाली, चादरीच्या घडीत, चुकीच्या पिशवीत जाते. कचऱ्याचे रंग ठरलेले आहेत: पिवळी पिशवी रक्ताच्या बोळ्यांना, लाल नळ्या-मोज्यांना, काचेला निळं खोकं, आणि सुयांना पांढरा, न भोसकला जाणारा डबा. लाल पिशवीतून सुई आरपार आली की ती उचलणाऱ्याच्या पोटरीत जाते. एकदा धोब्याकडे जाणाऱ्या गाठोड्यातून मीच एक काढली होती. वापरलेली, वाकलेली, आत सुकलेलं रक्त. ती कुठल्या पेशंटची हे सांगणारं कुणी नव्हतं.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, तिथे आता स्मारक झालंय. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेला आपला सोलापूरचा डॉक्टर, एवढं इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. 1941 मध्ये ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले त्याचं नाव बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालय. हे नॉर्मन बेथ्यून कॅनडाचे सर्जन. 1939 च्या ऑक्टोबरअखेरीस आघाडीवर जखमी सैनिकांची शस्त्रक्रिया करत होते, हातात मोजे नव्हते, बोट कापलं. जखम चिघळली, जंतू रक्तात गेले. पेनिसिलिन औषध म्हणून अजून मिळत नव्हतं. 12 नोव्हेंबरला ते गेले. कोटणीस पुढे 1942 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, फिट्सच्या आजाराने गेले; त्याचा संसर्गाशी संबंध जोडायचं कारण नाही. पण बोटावरच्या एका चिरेने गेलेल्या माणसाच्या नावाचं रुग्णालय सोलापूरच्या माणसाने चालवलं, हे ट्रेनिंगला सांगितलं की मागच्या रांगेतले मोबाइल खाली जातात. गावाचं नाव आलं की माणूस ऐकतो.

सुई टोचली की सगळ्यांना आधी एचआयव्ही आठवतो. पेशंटला एचआयव्ही असेल तर एका टोचण्यातून लागण होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के. हेपॅटायटिस बी, म्हणजे ‘बी’ कावीळ, असेल आणि ज्याला टोचलं त्याने लस घेतलेली नसेल तर ती 30 टक्क्यांपर्यंत जाते. बोट दाबून रक्त काढत बसायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, 72 तासांनंतर अर्थ राहत नाही, आणि घ्यायची 28 दिवस. हे सगळं नंतरचं. हेपॅटायटिस बीसाठी आधीच करता येण्यासारखी गोष्ट आहे आणि ती स्वस्त आहे: लसीचे तीन डोस. पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात.

सहाव्या महिन्यापर्यंत माणूस राहिला पाहिजे ना. डॉक्टर राहतात, सिस्टर बऱ्याचशा राहतात. ठेकेदाराची माणसं बदलतात. आज वॉर्डात, पुढच्या महिन्यात बँकेत, त्यानंतर एखाद्या मॉलमध्ये. म्हणजे लाल-पिवळ्या पिशव्या ज्यांच्या हातून जातात त्यांचाच तिसरा डोस राहतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम स्पष्ट आहेत: असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी रुग्णालयाची. ठेकेदाराकडचा असला तरी. तपासणीच्या वेळी रजिस्टर दाखवलं जातं, त्यात पहिल्या डोसचा रकाना भरगच्च असतो आणि तिसऱ्याचा कुणी नीट बघत नाही.

अक्काही गेल्या. ठेका बदलला, नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली. त्यांचे दोन डोस झाले होते. आता त्या एका मंगल कार्यालयात भांडी-लादी करतात, तिथे सुया नाहीत, पण उद्या पुन्हा कुठल्या दवाखान्यात लागतील ते त्यांनाही माहीत नाही. मी माझ्या वहीत गेलेल्या माणसांचं एक पान केलंय. नाव, मोबाइल नंबर, तिसऱ्याची तारीख. फोन लागतात, निम्मे लागत नाहीत. ज्यांना लागतो ते म्हणतात, “एवढ्यासाठी कशाला याचं सिस्टर? आता तिथं नाही ना आम्ही.” अक्कांनी तसं विचारलं नाही. सुट्टी कधी आहे ते सांगितलं.

अकाउंट्सचा मुलगा लसीचं बिल हातात घेऊन माझ्याकडे आला. “मॅडम, ह्या बाई तर आता आपल्याकडं नाहीत. हे मी कुठल्या खात्यात टाकू?”

मी विचारलं, मागच्या महिन्यात उद्घाटनाचे हार-तुरे कुठल्या खात्यात टाकले होते?

“किरकोळमध्ये.”

“मग तिथेच टाक.”